फॅलमथची छावणी, हिवाळा 1862-63: शिपायाचं मन कशानं खचलं आणि कशानं सावरलं

अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धात, जानेवारी 1863 च्या शेवटाला, उत्तरेकडच्या सगळ्यात मोठ्या सैन्यातून, म्हणजे आर्मी ऑफ द पोटोमॅकमधून, रोज साधारण 200 माणसं पळून जात होती. हा आकडा कुठल्या विरोधकाचा नाही, त्या सैन्याचा नवा सेनापती जोसेफ हुकर यानेच तो नंतर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, चौकशी समितीपुढे सांगितला. हजेरीपटावर नाव आहे पण माणूस जागेवर नाही, असे त्याच्या हिशोबाने 85 हजारांच्या आसपास होते. त्यातले सगळेच पळालेले नव्हते, खूपसे आजारी होते, दवाखान्यात होते, कुठे कुठे दुसऱ्या कामावर पाठवलेले होते, पण तरी आकडा बघून पोटात गोळा येतो. आणि एप्रिलमध्ये बघावं तर हेच सैन्य, जवळजवळ हीच माणसं, साधारण 1 लाख 30 हजार संख्येने लढाईला तयार उभं होतं, आणि मधल्या काळात एकही मोठी लढाई जिंकलेली नव्हती.

म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे या युद्धाबद्दल बोलणं झालंच तर मुंबईच्या कापसाचे वाढलेले भाव आणि 1865 मध्ये फुटलेला शेअर बाजाराचा फुगा इथवर येऊन थांबतं, आणि ज्यांना जास्त आवड आहे ते लढायांचे नकाशे बघतात. पण शिपायाचे वर्षातले बहुतेक दिवस लढाईत जात नाहीत, छावणीत जातात. त्या युद्धात मेलेल्या उत्तरेच्या सैनिकांपैकी साधारण दोन-तृतीयांश आजाराने मेले, गोळीने नाही. तेव्हा छावणीत काय चाललं होतं ते न बघता मनोधैर्याबद्दल बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं आहे.

आधी काय घडलं

वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्यांमध्ये जेमतेम शंभर मैलांचं अंतर, आणि साधारण मध्यावर रॅपाहॅनॉक नदी. नदीच्या पलीकडच्या काठावर फ्रेडरिक्सबर्ग गाव, त्याच्या मागच्या टेकड्यांवर रॉबर्ट ली याचं दक्षिणेचं सैन्य. अलीकडे फॅलमथ आणि त्याच्या भोवतीची स्टॅफर्ड काउंटी, तिथे उत्तरेचं सैन्य.

नोव्हेंबर 1862 मध्ये लिंकनने आधीचा सेनापती मॅक्लेलन याला काढून अँब्रोझ बर्नसाइडला सेनापती केलं. मॅक्लेलन लढायला कचरायचा हे खरं, पण शिपायांचा तो लाडका होता, त्याला काढलं याचंच अनेकांना वाईट वाटलं होतं. बर्नसाइडने याआधी हे पद नाकारलं होतं, आपल्याला इतकं मोठं सैन्य झेपणार नाही असं त्याचं स्वतःचंच म्हणणं होतं. नदी ओलांडायला होड्यांचे पूल हवे होते, ते वेळेवर आले नाहीत, त्यात आठवड्यावर वेळ गेला आणि तेवढ्यात लीने टेकड्या पक्क्या करून घेतल्या. मग 13 डिसेंबरला मेरीज हाइट्स नावाच्या उंचवट्याखाली, रस्त्याकडेच्या दगडी भिंतीमागे दबा धरून बसलेल्या बंदुकांवर एकामागून एक ब्रिगेड, म्हणजे काही पलटणींचा एक गट, सरळ समोरून पाठवल्या गेल्या. दिवसभर. भिंतीपर्यंत एकही पोचली नाही. आयरिश ब्रिगेडचे सुमारे 1,200 जण गेले, त्यातले 545 मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. एकूण नुकसान उत्तरेचं साधारण 12,600 आणि दक्षिणेचं 5,300 च्या आसपास. जखमी माणसं भिंतीपुढच्या उतारावर थंडीत रात्रभर पडून होती, आणि नदीच्या अलीकडे चॅटम नावाच्या मोठ्या घरात, जिथे क्लारा बार्टनसुद्धा शुश्रूषा करत होती, तिथे बाहेर झाडाखाली कापलेल्या हातापायांचा ढीग साचला होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शिपाई पराभवाने खचतो असं आपण सहज म्हणून टाकतो, पण या सैन्याने त्याआधी उन्हाळ्यात पराभव पचवले होते आणि तरी ते सप्टेंबरमध्ये अँटिटमला जिवावर उदार होऊन लढलं होतं. फ्रेडरिक्सबर्गचं वेगळं होतं. तिथे शिपायाला दुपारी दोन वाजताच दिसत होतं की यातून काही निघणार नाही, त्याच्या आधीची ओळ त्याच्या डोळ्यासमोर आडवी झाली होती, आणि तरी वरून हुकूम येतच होते. आपला जीव जातोय यापेक्षा तो फुकट जातोय आणि जो घालवतोय त्याला ते कळतही नाहीये, ही भावना माणसाला आतून पोखरते. त्या हिवाळ्यात घरी गेलेल्या पत्रांमध्ये हाच सूर पुन्हा पुन्हा येतो.

छावणी

लढाई संपली, सैन्य नदी ओलांडून परत आलं आणि फॅलमथच्या आसपासच्या टेकड्यांवर हिवाळ्यासाठी पसरलं. सरकारने घरं वगैरे काही दिली नव्हती, प्रत्येकाकडे तंबूचं अर्धं कापड, बस. मग दोघं-चौघं मिळून आपापली अर्धी कापडं बटणांनी जोडायचे, जमिनीत थोडा खड्डा खणायचे, भोवती पाइनच्या ओंडक्यांची कमरेएवढी भिंत रचायचे, फटी चिखलाने लिंपायचे आणि वर ते कापड छत म्हणून ताणायचे. एका बाजूला मातीची चूल, त्यावर काटक्या आणि चिखलाची चिमणी, आणि चिमणी नीट ओढत नाही म्हणून तिच्या डोक्यावर खारवलेल्या मांसाचं तळ काढलेलं रिकामं पिंप. ते पिंप अधूनमधून पेट घ्यायचं, मग सगळे धावायचे. आत चार माणसं, ओले बूट, ओल्या घोंगड्या, धूर, उवा. बाहेर लाल माती, पाऊस पडला की घोट्यापर्यंत चिखल. लाखभर माणसांच्या चुली आणि झोपड्या, त्यामुळे आसपासचं जंगल बघता बघता संपलं, आधी दारातलं लाकूड तोडलं, मग अर्धा मैल जावं लागायचं, मग त्याहून लांब.

जेवण म्हणजे हार्डटॅक, ते पीठ-पाण्याचं दगडासारखं चौकोनी बिस्किट, दिवसाला नऊ-दहा. कधी त्यात टोके झालेले असायचे. शिपाई ते बंदुकीच्या दस्त्याने फोडायचे, पाण्यात भिजवायचे, डुकराच्या चरबीत परतायचे. सोबत खारवलेलं डुकराचं मांस आणि कॉफी. कॉफी मात्र भरपूर, आणि तिच्यावरच माणसं जगत होती म्हणायला हरकत नाही. ताजी भाजी, बटाटा, कांदा यातलं काही नाही, आठवडेच्या आठवडे नाही. परिणाम काय व्हायचा तो झाला, हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही दिसू लागला, हगवण आणि टायफॉइड तर होतेच. संडासाचे चर उथळ, काही ठिकाणी नावापुरते, आणि थंडीत रात्री तिथवर जायला कुणी तयार नाही, त्यामुळे छावणीच्या आसपासची जागा आणि पाणी दोन्ही खराब.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. माल नव्हता असं नाहीये. पोटोमॅक नदीवर अक्विया लँडिंगचा धक्का होता, तिथे जहाजं लागत होती, तिथून फॅलमथपर्यंत रेल्वे होती, अंतर फार तर पंधरा मैल. वॉशिंग्टन एका दिवसाच्या अंतरावर होतं. उत्तरेकडे त्या साली धान्याची टंचाई नव्हती. कांदा-बटाटा शिपायाच्या ताटापर्यंत येत नव्हता कारण मधल्या कोठी अधिकाऱ्यांना तो आणायची गरज वाटत नव्हती, काहींना शिधा बाहेर विकण्यात रस होता, आणि वर कुणी विचारत नव्हतं. ज्याच्या खिशात पैसे होते तो सटलरकडे, म्हणजे छावणीतल्या परवानाधारक दुकानदाराकडे जायचा, आणि तिथे भाव डोळे पांढरे करणारे.

पण खिशात पैसे कुठे होते? साध्या शिपायाचा पगार महिन्याला 13 डॉलर, आणि कितीतरी पलटणींना सहा-सहा महिने तो मिळालाच नव्हता. मला विचाराल तर या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शिपाई स्वतः हार्डटॅक खाऊन राहील हो, पण घरी बायको आहे, पोरं आहेत, हिवाळा आहे, भाडं आहे, आणि ती पत्रात लिहितेय की दुकानदार उधार देत नाही. अशा माणसाने पळून जायचं ठरवलं तर त्याला भित्रा म्हणणं मला पटत नाही. भित्रेही असतील, पण रोजचे 200 सगळे भित्रे नसतात. खजिना रिकामा होता हे खरं, म्हणून काँग्रेसने 17 जानेवारी 1863 ला खास सैन्य आणि नौदलाचे पगार चुकवायला 10 कोटी डॉलरच्या नोटा काढायला मंजुरी दिली. पण त्या नोटा चिखल तुडवत पलटणीपर्यंत पोचायला वेळ लागणार होता.

रजा तर जवळपास नव्हतीच. अधिकारी जाऊन यायचे, जखमी अधिकारी तर घरीच बरे व्हायचे, शिपायाला मात्र बापाच्या अंत्यविधीलाही जाता येत नव्हतं. त्यातून घरचेच पळायला मदत करायला लागले. पार्सलमधून साधे कपडे यायचे, खाली शर्ट-पँट आणि वर केक, म्हणजे निळा गणवेश उतरवून सरळ चालू पडायचं. हुकरने चौकशीत सांगितलं की अशा कपड्यांच्या पार्सलांनी गाड्या भरून येत होत्या.

चिखल, आणि मुक्तीचा जाहीरनामा

1 जानेवारी 1863 ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला, बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त. दहा वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी गुलामांना मुक्त केल्याबद्दल ज्या अमेरिकन लोकांना आपलं पुस्तक अर्पण केलं, त्या लोकांमध्ये हे निळ्या गणवेशातले शिपाईही येतात. म्हणूनच हे सांगणं भाग आहे की त्या जानेवारीत फॅलमथच्या छावणीत सगळे खूश नव्हते. पुष्कळांनी पत्रात साफ लिहिलं की आम्ही देश एक ठेवायला आलो, काळ्या लोकांसाठी मरायला नाही. भाषा त्याहून वाईट असायची. काही अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. गावाकडचे युद्धविरोधी पेपर छावणीत येत होते आणि ते या नाराजीला हवा देत होते.

पण त्याच काउंटीत, त्याच नदीवरून, 1862 च्या उन्हाळ्यात हजारो गुलाम माणसं-बायका जीव मुठीत धरून उत्तरेच्या पहाऱ्यापर्यंत आल्या होत्या, हे बऱ्याच शिपायांनी स्वतः पाहिलं होतं. छावणीत स्वयंपाक, धुणं, खेचरं हाकणं, धक्क्यावर माल उतरवणं यातलं कितीतरी काम काळे लोक करत होते, याच चिखलात, याच थंडीत. त्यांचं मनोधैर्य कसं होतं हे कुणी मोजलं नाही, त्यांच्याबद्दल पत्रांमध्ये दोन ओळी सापडल्या तर सापडतात. हे मला खटकतं, आणि या विषयावर लिहिणाऱ्या कुणालाही खटकायला हवं.

जाहीरनाम्याने सैन्य मोडलं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नाराजी होती, पण ज्याला पगार मिळत होता, ताजा पाव मिळत होता आणि ज्याचा सेनापतीवर विश्वास होता, त्याने ती नाराजी नंतर गिळली, आणि पुढे बऱ्याच जणांचं मतही बदललं, कारण दक्षिणेचे खंदक कोण खणतंय आणि शेतं कोण पिकवतंय हे त्यांना दिसत होतं. सगळं बिघडलेलं असताना माणूस ज्याच्यावर राग काढता येईल त्याच्यावर काढतो, असं मला त्यातून दिसतं.

त्यातच बर्नसाइडने शेवटचा प्रयत्न केला. 20 जानेवारीला सैन्य हललं, नदीच्या वरच्या अंगाने जाऊन लीला बगलेतून गाठायचा बेत होता. बेत वाईट नव्हता. पण त्या रात्री पाऊस सुरू झाला आणि थांबेना. होड्यांच्या गाड्यांना दुप्पट-तिप्पट घोडे जुंपले तरी चाकं निघेनात, तोफा आसापर्यंत रुतल्या, दोर लावून शेकडो माणसं ओढायला लागली तरी तोफ जागची हलेना, घोडे आणि खेचरं चिखलातच मेली. पलीकडच्या काठावरून दक्षिणेचे शिपाई फळ्यांवर ‘बर्नसाइड चिखलात अडकला’ असं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवत होते. माणसांना धीर यावा म्हणून दारू वाटायचा हुकूम निघाला, उपाशीपोटी भिजलेल्या माणसांना दारू, मग काही पलटणींमध्ये आपसातच जोरदार मारामारी झाली. 22 तारखेला सगळं सोडून परत फिरायचा हुकूम आला. ज्या झोपड्यांतून निघाले होते तिथेच दोन-तीन दिवसांनी चिखलाने माखून, ओलेचिंब परत.

वरच्या लोकांचं काय चाललं होतं तेही शिपायाला कळत होतं. डिसेंबरच्या शेवटी दोन जनरल, न्यूटन आणि कॉक्रन, बर्नसाइडच्या माघारी थेट लिंकनला भेटून आले होते. हुकर उघडपणे सेनापतीला नावं ठेवत होता. बर्नसाइडने शेवटी हुकरसकट बऱ्याच जणांना काढा नाहीतर मला काढा असं लिंकनला सांगितलं, आणि लिंकनने 25 जानेवारीला त्यालाच काढलं, जागी हुकर. सोबत 26 तारखेचं ते प्रसिद्ध पत्र, ज्यात लिंकनने हुकरला बजावलं की सेनापतीवर टीका करायची, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय सैन्यात पसरवायला तूच हातभार लावलास, आता ती तुझ्यावरच उलटेल अशी मला भीती वाटते.

हुकरने काय केलं

हुकर माणूस म्हणून फार आवडावा असा नव्हता. महत्त्वाकांक्षी, तोंडाळ. पण त्याने पहिल्या काही आठवड्यांत जे केलं ते बघितलं की वाटतं, याने शिपायाची तक्रार कान देऊन ऐकली होती.

सुरुवात पोटापासून. फेब्रुवारीत हुकूम निघाला की आठवड्यातून निदान 4 वेळा पीठ किंवा ताजा पाव, 2 वेळा ताजे बटाटे किंवा कांदे, एकदा वाळवलेली भाजी किंवा वाळवलेले बटाटे मिळालेच पाहिजेत. असे हुकूम कागदावर आधीही होते. फरक पुढच्या ओळीत आहे. एखाद्या कोठी अधिकाऱ्याने हे दिलं नाही, तर डेपोत माल शिल्लकच नव्हता असं डेपोच्या अधिकाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र त्याने आणून दाखवायचं. म्हणजे ‘मिळालं नाही साहेब’ एवढ्यावर सुटका नाही. बस, पाव यायला लागला. भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि गरम पावाच्या त्या वासाबद्दल लोकांनी घरी लिहिलं.

दुसरा माणूस, ज्याला माझ्या मते हुकरइतकंच श्रेय जायला हवं, तो म्हणजे या सैन्याचा वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन. जखमींना उचलून नेणारी शिस्तीची अ‍ॅम्ब्युलन्स व्यवस्था त्याने 1862 मध्येच उभी केली होती. आता त्याने छावणीच हातात घेतली. ज्या जागा घाण झाल्या होत्या तिथून पलटणी हलवून नव्या कोरड्या जागी वसवा, झोपडीभोवती पाणी वाहून जायला चर खणा, उन्हाच्या दिवशी छताचं कापड काढून आत ऊन-वारा लागू द्या, संडासाचे चर खोल खणा आणि त्यात रोज ताजी माती टाका, कचरा जाळा किंवा पुरा, अंघोळ करा, आतले कपडे बदला. आणि एक साधीशी पण मोठी गोष्ट, प्रत्येकाने आपापलं तळून खाण्याऐवजी कंपनीचं जेवण एकत्र शिजवा, कारण अर्धं कच्चं अर्धं जळकं तळलेलं खाऊन पोटं बिघडत होती. जंतूंबद्दल तेव्हा कुणालाच माहिती नव्हती, लेटरमनलाही नाही. तरी स्वच्छ जागा, ताजी भाजी आणि कांदा यांनी वसंतापर्यंत हगवण, टायफॉइड कमी झाले, स्कर्व्ही ओसरला. रात्री चार वेळा उठावं लागत नाही, हिरड्या दुखत नाहीत, अशा माणसाला देशाबद्दल भाषण द्यावं लागत नाही, त्याचं डोकं आपोआप थोडं वर येतं.

मग रजा. 30 जानेवारीलाच हुकूम निघाला, दर 100 हजर शिपायांमागे एका वेळी 2 जणांना रजा, जवळच्या राज्यांना 10 दिवस, लांबच्यांना 15. हिशोब केला तर कळेल की हे फार नाही, सगळ्यांचा नंबर लागायला वर्षं लागतील. पण नंबर आहे, रांग आहे, हे कळलं की माणूस थांबतो. आणि यातली खुबी अशी की गेलेला माणूस वेळेवर परत आला नाही तर त्याच्या तुकडीतल्या पुढच्याची रजा अडकायची. त्यामुळे परत न येणं हे आता फक्त सरकारशी नव्हतं, शेजारच्या झोपडीतल्या दोस्ताशी होतं. मार्चमध्ये तर तपासणीत ज्या पलटणी चांगल्या निघाल्या त्यांची रजा वाढवली आणि ज्या ढिसाळ निघाल्या त्यांची बंद केली, नावं सगळ्या सैन्यात जाहीर करून. हे मात्र मला थोडं कठोर वाटतं, कारण पलटण ढिसाळ असते ती बहुतेक वेळा कर्नलमुळे आणि रजा जाते शिपायाची.

पार्सलं तपासून साधे कपडे काढून घेणं सुरू झालं, रस्त्यांवर आणि धक्क्यावर पहारे कडक झाले. दुसऱ्या बाजूने लिंकनने 10 मार्चला माफी जाहीर केली, 1 एप्रिलपर्यंत परत या, शिक्षा नाही. पुष्कळ जण परत आले. पगारही पोचायला लागले होते.

आणि मग ते बिल्ले. हुकरचा चीफ ऑफ स्टाफ डॅनियल बटरफील्ड याने 21 मार्चला प्रत्येक कोअरला, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या सैन्याच्या मोठ्या विभागाला, एक आकार ठरवून दिला, पहिल्या कोअरला गोल, दुसऱ्याला तीन पाकळ्यांचं पान, तिसऱ्याला चौकट, अकराव्याला चंद्रकोर, बाराव्याला चांदणी, आणि डिव्हिजनप्रमाणे रंग लाल, पांढरा, निळा. टोपीवर शिवायचं छोटंसं कापड. मूळ हेतू साधा होता, मागे रेंगाळणारा किंवा गोंधळ घालणारा शिपाई कुठला ते लगेच ओळखता यावं. पण शिपायांनी तो बिल्ला स्वतःचा करून टाकला, लोक ते पत्रांवर काढायला लागले, स्वतःच्या पैशांनी धातूचे करून घ्यायला लागले, आणि युद्धानंतर अनेकांच्या थडग्यांवरही ते कोरले गेले. लाखातला एक हरवलेला माणूस, त्याला आता सांगता येत होतं की मी लाल चौकटवाला आहे.

कवायत, तपासण्या, घोडदळाचा वेगळा कोअर, शत्रूच्या बातम्या काढायला जॉर्ज शार्प या कर्नलच्या हाताखाली वेगळं खातं, हेही याच काळात झालं. मनोधैर्याशी त्याचा संबंध एवढाच की काम मिळालं आणि वरचे लोक काहीतरी विचार करताहेत असं दिसलं. 17 मार्चला आयरिश ब्रिगेडने सेंट पॅट्रिक्स डे घोड्यांच्या शर्यती लावून असा काही साजरा केला की आख्खं सैन्य बघायला लोटलं, त्याच दिवशी केलीज फोर्डला उत्तरेच्या घोडदळाने नदी ओलांडून पहिल्यांदा दक्षिणेच्या घोडदळाला तोडीस तोड टक्कर दिली.

पलीकडचा काठ

पलीकडे तरी काय सुख होतं? लीचं सैन्य जिंकलेलं, पण भुकेलं. 27 मार्चला लीने रिचमंडला लिहिलं की माणसांना दिवसाला पाव पौंड बेकन आणि 18 औंस पीठ मिळतंय, अधूनमधून थोडा तांदूळ, आणि स्कर्व्ही होऊ नये म्हणून रोज प्रत्येक पलटणीतून माणसं रानात पाठवून सॅसफ्रासचे कोंब, रानकांदे, रानलसूण गोळा करायला लागतंय. तिथे खरंच माल नव्हता, रेल्वे मोडकळीला आलेली होती. दोन्ही काठांची तुलना केली की एक गोष्ट दिसते, शिपाई कमी जेवण सहन करतो जर वर बसलेल्यावर त्याचा भरवसा असेल. ली आपल्यासाठी प्रयत्न करतोय असं त्याच्या माणसांना वाटत होतं. फॅलमथला डिसेंबर-जानेवारीत नेमकं हेच नव्हतं.

नदीवर पहारे समोरासमोर होते आणि हुकूम असूनही बोलणं बंद होत नव्हतं. फळीची छोटीशी होडी, त्याला कागदाचं नाहीतर चिंधीचं शीड, वारा बघून सोडायची. इकडून कॉफी आणि साखर जायची, तिकडून व्हर्जिनियाची तंबाखू यायची, वर्तमानपत्रांची अदलाबदल व्हायची. एका दिवशी एकमेकांना मारायचं आहे हे दोघांनाही माहीत होतं. यादवी युद्धातच असं होतं, भाषा एक, देव एक, शिव्यासुद्धा त्याच.

एप्रिल आणि पुढे

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिंकन बायको आणि धाकट्या टॅडला घेऊन छावणीत आला, जवळपास आठवडाभर राहिला. मोठमोठी संचलनं झाली. दवाखान्याच्या तंबूंमध्ये तो एकेका खाटेपाशी जाऊन बोलला. निघताना त्याने हुकर आणि त्याच्या हाताखालचा जनरल काउच या दोघांना सांगितलं की पुढच्या लढाईत तुमची सगळी माणसं उतरवा.

हुकरने ते केलं नाही. चान्सलर्सव्हिलला, मे 1863 च्या सुरुवातीला, त्याने सुरुवात छान केली आणि मग स्वतःच कच खाल्ली, 2 तारखेला संध्याकाळी लीचा जनरल जॅक्सन याने त्याची उजवी बगल फोडली, आणि त्याचे दोन आख्खे कोअर जवळजवळ न लढता बसून राहिले. उत्तरेचं नुकसान 17 हजारांवर. म्हणजे फ्रेडरिक्सबर्गपेक्षा जास्त. जी बगल फुटली ती अकराव्या कोअरची, ज्यात खूप जर्मन होते, आणि त्यांचा आवडता जनरल सिगेल जाऊन नुकताच हॉवर्ड आला होता, तो त्यांना आवडत नव्हता. पाव त्यांनाही मिळाला होता, बिल्लाही मिळाला होता, भरवसा मिळाला नव्हता. त्यांच्या बगलेला शत्रू हलतोय हे ते दुपारपासून वर कळवत होते आणि वर कुणी मनावर घेतलं नाही, नंतर दोष मात्र सगळा त्यांच्यावर टाकला गेला. हा अन्याय होता.

तर मग छावणीतल्या त्या सगळ्या मेहनतीचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारेल. मी म्हणेन मे महिन्याची डिसेंबरशी तुलना करा. मे मध्ये सैन्य परत फॅलमथला आलं, त्याच झोपड्यांत, पराभव होऊन, पण जानेवारीसारखी पळापळ झाली नाही. शिपायांच्या पत्रांत राग आहे, पण तो ‘आम्ही हरलो नाही, हुकर हरला’ असा राग आहे, आपण संपलो असा नाही. त्याच सुमारास दोन वर्षांची आणि नऊ महिन्यांची मुदत संपलेल्या कितीतरी पलटणी घरी गेल्या, हा सैन्याला मोठा फटका होता, पण ते लोक मुदत पुरी करून गेले. उरलेले जूनमध्ये उन्हातून उत्तरेकडे चालत गेले, 28 जूनला वाटेत सेनापती बदलून मीड आला, आणि 1 ते 3 जुलैला गेटिसबर्गच्या लढाईत ते उभे राहिले.

हे सगळं एकट्या हुकरने केलं असं मी म्हणणार नाही. ऋतू बदलला, चिखल वाळला, ज्यांना जायचं होतं ते आधीच गेले होते, आणि पगाराच्या नोटा त्याने छापल्या नव्हत्या. तरी त्याने आणि लेटरमनने ज्या गोष्टींना हात घातला त्या बघा, पाव, कांदा, संडास, रजा, पगार, टोपीवरचं कापड. यातल्या एकालाही शौर्य म्हणत नाहीत.

पुढच्या, 1863-64 च्या हिवाळ्यात पुन्हा प्रश्न आला. 1861 मध्ये तीन वर्षांसाठी भरती झालेल्यांची मुदत 1864 मध्ये संपणार होती आणि ते गेले असते तर सैन्याचा कणाच गेला असता. सरकारने पुन्हा सही करणाऱ्याला 400 डॉलर बक्षीस आणि निदान 30 दिवसांची घरची रजा देऊ केली, पलटणीतल्या तीन-चतुर्थांश लोकांनी सही केली तर पलटणीचं नाव आणि झेंडाही कायम. एकूण सैन्यात 1 लाख 36 हजार जणांनी सह्या केल्या, पोटोमॅकच्या सैन्यातले त्यात 26 हजारांवर. कशासाठी केल्या याबद्दल त्यांनी घरी जे लिहिलंय त्यात देश आहे, मेलेले मित्र आहेत, पैसे आहेत, आणि फार फार वेळा ते तीस दिवस आहेत.